टर्बोची जागा कोण ठरवणार?



कापसाच्या भावावर या बैठकीत बोलायचेच आहे. पण तो कापूस घरून बाजारापर्यंत ज्या गाडीतून जातो, त्या गाडीबद्दलही थोडे ऐका.

आम्ही चार-पाच कोरडवाहू शेतकऱ्यांनी सामाईकीत एक जुनी जीप ठेवली आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस, पुढे ज्वारीचा कडबा, उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या, अडल्यानडल्याला बाळंतीण. तिचे इंजिन बसले. नवी गाडी म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मोडीत निघालेल्या एका पिकअपचे टर्बो इंजिन भंगारात स्वस्तात मिळाले. मिस्त्रीने ते जीपमध्ये उतरवले, तर टर्बो नेमका स्टेअरिंग बॉक्सला भिडला. इंजिन बसते, पण टर्बो बसत नाही! मग टर्बोची जागा हलवणे आले.

टर्बो म्हणजे काही जादू नव्हे. सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एका चक्रावर सोडायचा. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल नीट जळते आणि तेवढ्याच इंजिनातून अधिक ताकद निघते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या वस्तूतून कामाची वस्तू काढणे शेतकऱ्याला नवे नाही. शेणाचे खत आणि पऱ्हाटीचे सरपण करायला आपल्याला कोणाचे पेटंट लागले नाही.

पण खरे आहे तेही सांगितले पाहिजे. टर्बो कुठेही टांगून चालत नाही. पहिल्या खेपेला आमच्या तीन चुका झाल्या.

पहिली चूक तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल येते दाबाने, पण परत जाते ते फक्त उताराने. जागा हलवताना परतीची नळी आडवी पडली, तेल तुंबले आणि गाडी निळा धूर ओकू लागली. मग मधल्या भागाचे बोल्ट ढिले करून तो फिरवला, परतीचे तोंड सरळ खाली आणले आणि नळी चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर सोडली. धूर थांबला.

दुसरी चूक वजनाची. कंपनीचा मॅनिफोल्ड बिडाचा असतो. आम्ही पातळ पाइप वेल्ड करून केला आणि टर्बोचे सगळे ओझे त्यावर टाकले. तापून आणि निवून त्याला तडा गेला. आता पाइप जाड घातला आहे आणि टर्बोला खालून वेगळा आधार दिला आहे.

तिसरी चूक जिवावरची होती. नवी जागा ब्रेकच्या नळीला खेटून होती. भरल्या गाडीने चढ चढताना टर्बोतला धूर पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो. त्या धगीने ब्रेक ऑइल उकळले तर पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. शिवाय मागे मोकळा कापूस. कापूस चारशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय पेटतो आणि त्याची पुंजकी तर वाऱ्याने सगळीकडे उडत असतात. आम्ही ब्रेकची नळी दुसऱ्या बाजूने नेली, टर्बोला पत्र्याचे दुहेरी आवरण केले आणि हौद पुढून बंद केला. खानदेशच्या धुळीत टर्बोची पाती झिजू नयेत म्हणून हवेचा फिल्टर मोठा बसवला.

आता प्रश्न असा की हे सगळे आम्ही दाखवायचे कोणाला? कोणी जाणकाराने गाडीखाली शिरून पाहावे आणि ‘हे बरोबर, हे चूक’ असे सांगावे, एवढीच आमची इच्छा. ते दार बंद आहे.

हे दार पूर्वी होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मुळात असे होते की, फेरफार करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवा, त्याची मंजुरी घ्या आणि करा. २००० साली कलम बदलले. कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदवहीतला तपशील वेगळा पडेल असा फेरफारच नको, असे ठरले. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

मग इंजिनाला कोणीच हात लावू नये काय? तसे नाही. सीएनजीचे, बॅटरीचे मंजूर किट बसवायला हेच कलम परवानगी देते. आणि ज्याच्याकडे किमान दहा वाहतुकीच्या गाड्या आहेत, त्याला त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीविना बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. किट विकणारी कंपनी असेल तर दार उघडे, दहा गाड्यांचा मालक असेल तर दार उघडे. एका जीपचे पाच मालक आले की दाराला कुलूप!

कोणी म्हणेल, अडाणी माणसे रस्त्यावर मरण घेऊन फिरतील. धोका खरा आहे, आमच्या तीन चुका आम्हीच वर सांगितल्या. पण धोका आहे म्हणूनच तपासणी हवी. बंदीने फेरफार थांबत नाही, तो रात्री होतो आणि लपवला जातो. लपवलेल्या गाडीची ब्रेकची नळी कोण पाहणार? अपघात झाला की विमा कंपनी फेरफाराकडे बोट दाखवते आणि भरपाईपायी शेत विकायची पाळी येते. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीची तपासणी करून तिला मंजुरी देण्याची सोय आहे. जर्मनीतही फेरफार केलेली एकच गाडी तपासून तिच्या कागदावर तशी नोंद करतात. तिथले रस्ते काही आपल्यापेक्षा धोक्याचे झालेले नाहीत.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून घरची छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रीकरण देशभर गाजले. आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नाही, कधी तरी अडवली जाईल, असेही म्हटले आणि बदल्यात बोलेरो दिली. लोहारांचे भले झाले, आम्हाला आनंद आहे. पण प्रत्येक मिस्त्रीला बोलेरो देणारा दाता भेटत नसतो. गुणी माणसाला बक्षीस आणि त्याच्या गुणाला बंदी, असा हा न्याय आहे.

१९७२ पासून एकाधिकार खरेदीत कापूस आपला आणि परवानगी सरकारची, हे आपण भोगले आहे. सीमेपलीकडे सेंधव्याला आपलाच कापूस नेणारा चोर ठरत होता. ती योजना गेली, पण ती वृत्ती गेली नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हा ठराव मांडत आहोत.

एक, कलम ५२ मध्ये २००० पूर्वीचे मंजुरीचे दार पुन्हा उघडावे. तोवर याच कलमात केंद्र सरकारला विशिष्ट कामासाठी सूट देण्याचा जो अधिकार आहे, तो शेतमालाच्या गाड्यांसाठी वापरावा.

दोन, जळगाव आणि धुळ्याच्या आरटीओत महिन्यातून एक दिवस फेरफार केलेल्या गाड्या तपासाव्यात. ब्रेक, स्टेअरिंग, धूर आणि आगीचा धोका पाहावा. नापास गाडीला दोष लेखी द्यावा आणि दुरुस्तीला मुदत द्यावी.

तीन, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात गावच्या मिस्त्र्यांना हे काम शिकवावे.

आमची जीप आज बांधाच्या आत उभी आहे. इंजिन एका हाकेत सुरू होते, पण रस्त्यावर आम्ही ती काढत नाही. यंदाचा कापूस भाड्याच्या गाडीने जाईल आणि ते भाडे आपल्याच भावातून कापले जाईल. आम्हाला माफी नको, तपासणी हवी. नापास झालो तर गाडी ढकलत घरी आणू, दोष काढू आणि पुन्हा रांगेत उभे राहू.