भोपळ्याचे वजन आणि पोटॅशची पिशवी

कात्रज आता पुणे शहरात मोडत असले, तरी डोंगराच्या पायथ्याशी परसात तांबड्या भोपळ्याचे वेल वाढविण्याची हौस अद्याप टिकून आहे. गेल्या हंगामात अशाच एका बागाईतदारांनी मला विचारले, "साहेब, भोपळा मणभर व्हावा म्हणून पोटॅश किती घालू?" अमेरिकेत 2023 साली 1,247 किलोग्रॅमचा भोपळा पिकल्याचे त्यांनी वाचले होते. मी विचारले, "माती तपासली आहे काय?" तपासली नव्हती. पोटॅशची 50 किलोची पिशवी मात्र घरात येऊन पडली होती!

ही चूक त्यांची एकट्याची नव्हे. पालाश म्हणजे फळाचे वजन, हे समीकरण सोपे करून सांगण्याच्या भरात आम्ही अधिकाऱ्यांनीच रूढ केले, असे माझे स्पष्ट मत आहे. पानांत तयार झालेली साखर फळाकडे वाहून नेण्यास व पानांतील पाण्याचा तोल राखण्यास पालाश साहाय्य करते. परंतु पानेच थोडी व रोगट असतील तर वाहून न्यावयाचे काय? शिवाय अमेरिकेतील तो भोपळा मुळातच निराळ्या जातीचा. आपल्या वाणास पोत्याने पोटॅश घातले तरी तो त्या वजनास पोचणार नाही.

सह्याद्रीच्या काळ्या दगडापासून बनलेल्या खोल काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असते. उताराच्या उथळ, मुरमाड जमिनीत ते धरून ठेवणारी चिकणमातीच थोडी. म्हणून एकाच शिवारातील दोन तुकड्यांना एकच मात्रा सांगणे मला पटत नाही. 2015 पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत पालाशाचा आकडा असतो. तो हेक्टरी 280 किलोंच्या वर असल्यास पिशवी उघडण्याची घाई करू नये. अति पालाशामुळे मॅग्नेशियमचे शोषण अडते, जुनी पाने शिरांमध्ये पिवळी पडतात, आणि ती पाहून शेतकरी आणखी खत घालतो.

आकडा कमी आल्यास म्युरेट ऑफ पोटॅश अवश्य द्यावे. त्यात शेकडा 60 भाग पालाश असते. हलक्या जमिनीत निम्मी मात्रा लागणीच्या वेळी शेणखताबरोबर व निम्मी फळ धरल्यावर, बुंध्यापासून दूर मातीत मिसळून द्यावी. खारवट जमिनीस सल्फेट ऑफ पोटॅश बरे, पण ते महाग पडते.

त्या बागाईतदारांच्या मातीचा अहवाल आला. पालाश भरपूर होते. कमी होता तो सेंद्रिय कर्ब. त्यांनी दोन गाड्या शेणखत आणून टाकले. पिशवी अजून कोपऱ्यात आहे.