मनातल्या हद्दपारांची विचारपूस

21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 6 डिसेंबर 2024 रोजी तसा ठराव मंजूर केला. ठराव मांडणाऱ्यांत भारत होता, तसेच श्रीलंका, नेपाळ, मेक्सिको, अँडोरा आणि लिख्टेनश्टाइनही होते. योग दिनानंतर बरोबर सहा महिन्यांनी, वर्षातली सर्वांत मोठी रात्र येते त्या सुमारास हा दिवस पडतो. या दिवशी शाळांच्या पटांगणांत, कचेऱ्यांच्या सभागृहांत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर माणसे डोळे मिटून बसतात. त्याचे मनापासून स्वागत आहे. मात्र या निमित्ताने एक गोष्ट स्पष्टपणे विचारायला हवी. ध्यानाला बसणाऱ्याच्या मनात जे दुखणे वर्षानुवर्षे दडून राहिले आहे, त्याचे पुढे काय होते?

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारण्याला विशेष अर्थ आहे. म्यानमारमधल्या मंडाले येथे 1924 साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने इतके हैराण झाले होते की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. त्या दुखण्यापायीच ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि विपश्यना शिकले. 1969 साली भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले. आज महाराष्ट्र शासन आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा देते आणि ‘मित्र उपक्रमा’मुळे शाळकरी मुलेही आनापान, म्हणजे श्वासावरचे ध्यान, करतात. ध्यान इथे घराघरांत पोहोचले आहे.

शिबिरात काय घडते ते जरा जवळून पाहू. पहाटे चार वाजता घंटा होते. दहा दिवसांच्या शिबिरात बोलणे नाही, खाणाखुणा नाहीत, फोन-वही-पुस्तक पहिल्याच दिवशी जमा. सुरुवातीचे दिवस नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना. गुडघे ठणकतात, पाठ भरून येते आणि त्यातच वीस वर्षांपूर्वीचा एखादा अपमान ताजा होऊन समोर उभा राहतो. सभागृहात कुणाला तरी हुंदका फुटतो. साधकाला सूचना एकच असते: समतेने पाहा, हेही अनित्य आहे. त्या अपमानाची कहाणी तिथे कुणी विचारत नाही. तसे विचारायचे नाही, हीच त्या साधनेची शिस्त आहे आणि ती बुद्धीला पटणारी आहे. आलेल्या प्रत्येक विचाराच्या मागे धावत न सुटता स्थिर बसता येणे ही माणसाने कमावलेली फार मोठी गोष्ट आहे. तिचे मोल कमी लेखण्याचा इथे विचारही नाही.

अडचण येते ती या स्थिरतेचा उपयोग आपण कशासाठी करतो तिथे. जॉन वेलवूड हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ स्वतः बौद्ध साधक होते. न सुटलेल्या भावनिक प्रश्नांना साधनेच्या आडून बगल देण्याची सवय त्यांनी आपल्या सहसाधकांमध्ये पाहिली आणि 1984 साली ‘स्पिरिच्युअल बायपासिंग’ असे नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधले. ही सवय आपल्याकडेही ओळखीची आहे. मुलाने पाच वर्षे अबोला धरलेला असताना ‘आता मला कशाचं काही वाटत नाही’ असे सांगणारे वडील आपण पाहतो. जावेच्या बोलण्याने आतून जळणारी, पण ‘राग येणं म्हणजे माझी साधना कमी पडली’ म्हणून स्वतःलाच दोष देणारी बाई आपण पाहतो. राग आणि दुःख निघून गेलेले नसते. त्यांना शांततेच्या नावाखाली गप्प केलेले असते. आणि गप्प केलेले दुःख रक्तदाबात, झोपेत, मुलांवर ओरडण्यात वाट काढतेच.

याच जागी अमेरिकेतल्या एका उपचारपद्धतीने महत्त्वाचे काम केले आहे. रिचर्ड श्वार्ट्झ हे कौटुंबिक समुपदेशक 1980च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत बुलिमियाच्या रुग्णांसोबत काम करत होते. म्हणजे अधाशासारखे खायचे आणि मग उलटी काढून टाकायची, या चक्रात अडकलेल्या तरुण मुली. कुटुंबातले ताण सोडवले की आजार जाईल, अशी त्यांची धारणा होती. कुटुंबे सुधारली, पण मुलींचे खाणे थांबले नाही. त्या सांगत, माझ्यातलं एक मन मला खा म्हणतं, दुसरं मला डुक्कर म्हणतं, तिसऱ्याला फक्त रडायचं असतं. श्वार्ट्झ यांनी हे बोलणे अलंकारिक न मानता खरे मानले. पुढे स्वतःला जखमा करून घेणाऱ्या एका मुलीबरोबर काम करताना, तसे करायला लावणाऱ्या तिच्या त्या मनाला त्यांनी दटावून आठवडाभर थांबण्याचे कबूल करून घेतले. पुढच्या भेटीला ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन आली. श्वार्ट्झ हताश झाले. त्यांनी जबरदस्ती सोडली आणि ते मन असे का वागते हे विचारायला सुरुवात केली. ते मन जुन्या अत्याचाराच्या काळात त्या मुलीला वाचवत आले होते, असे त्यातून पुढे आले. ही घटना श्वार्ट्झ स्वतः वारंवार सांगतात आणि त्यांच्या पद्धतीचा सगळा कस तिच्यात आहे.

या पद्धतीला ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’, थोडक्यात आयएफएस, म्हणतात. श्वार्ट्झ यांचे याच नावाचे मूळ पुस्तक 1995 मध्ये आले. माणसाचे मन एकसंध नसून ते एखाद्या कुटुंबासारखे असते, असे ती मानते. त्यातली काही मनं हद्दपार केलेली असतात. लहानपणीची भीती, लाज, एकटेपण त्यांच्याकडे असते. त्यांचे दुःख पुन्हा उसळू नये म्हणून काही कारभारी मनं दिवसभर राबतात, चोख काम करतात, सगळ्यांना खूश ठेवतात, चूक होऊ देत नाहीत. तरीही दुःख उसळलेच तर आगीच्या बंबावरच्या माणसांसारखी काही मनं धावून येतात. दारू, खाणे, संताप, मोबाइल, मिळेल त्याने आग विझवायची, घराचे नुकसान झाले तरी चालेल. यातले कुणीही वाईट नाही. आणि या सगळ्यांच्या पलीकडे प्रत्येकात एक ‘स्व’ आहे, शांत, कुतूहल असलेला, करुणेने पाहणारा. तो बाहेरून आणावा लागत नाही. बाकीच्यांनी थोडी जागा दिली की तो असतोच.

हे प्रत्यक्षात कसे चालते, यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी करणारी पंचेचाळिशीची एक बाई. रोज सकाळी अर्धा तास ध्यानाला बसते, खंड नाही. पण शाखाधिकाऱ्यांनी केबिनमधून चढ्या आवाजात हाक मारली की तिचे हात गार पडतात. रोकड जुळलेली असते, तरी ती तीनदा मोजते. त्या रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा न लावता, फरसाणाच्या डब्यात हात घालून ती उभ्याउभ्या खात राहते. चव लागतही नाही. सकाळी स्वतःचीच चीड येते आणि ती ध्यानाला आणखी पंधरा मिनिटे जास्त बसते.

समुपदेशक विचारतात, “रात्री खायला लावणारं जे मन आहे, ते शरीरात कुठे जाणवतं?”

“घशाशी.”

“त्याच्याबद्दल तुम्हाला आत्ता काय वाटतं?”

“राग येतो. लाजही वाटते.”

हा राग म्हणजेही एक मन. त्याला विनंती केली जाते, थोडा वेळ बाजूला बसशील का? ते तयार झाले तर बसते, नाहीतर आधी त्याचेच ऐकावे लागते. इथे घाई चालत नाही. मग कधीतरी ती बाई घशाशी दाटलेल्या त्या मनाला रागाशिवाय विचारू शकते, “तू हे थांबवलंस तर काय होईल, अशी तुला भीती वाटते?” येणारे उत्तर तिलाही नवे असते: ती रडायला लागेल आणि मग थांबणारच नाही. ती म्हणजे कोण? चौथीतली एक मुलगी. फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभी केलेली. आत सतराचा पाढा चाललाय, जाणारी-येणारी मुलं वळून बघताहेत आणि घरी सांगून उपयोग नाही, कारण वडिलांकडे पैसे नाहीत हे तिला ठाऊक आहे. पस्तीस वर्षे ती तिथेच उभी आहे. आजच्या बाईने तिच्याजवळ जायचे, तिचे सगळे ऐकून घ्यायचे, तिला काय हवे ते विचारायचे. “आता मी कमावते. तुझी फी मी भरते. चल, इथून जाऊ,” असे तिने त्या मुलीला म्हणणे, आणि ते मनापासून म्हणता येणे, यासाठी कित्येक भेटी लागतात. त्यानंतरच रोकड तीनदा मोजणारे आणि डबा उघडणारे, दोघेही पहारा हळूहळू सैल करतात.

या बाईची रोजची बैठक इथे वाया गेलेली नाही. घशातली ती दाटी उठून न जाता सहन करण्याची ताकद तिला ध्यानानेच दिली. फक्त आजवर ती त्या दाटीला येताना आणि जाताना पाहत होती, आता ती तिच्याशी बोलू लागली. मनाशी बोलणे मराठी माणसाला नवे नाही. समर्थ रामदासांनी 205 श्लोक मनालाच उद्देशून लिहिले आणि तुकोबांनी आपल्या मनाशी केलेली झटापट अभंगांतून उघड मांडली. मात्र मनाला उपदेश करणे हा एक भाग झाला. त्याचे म्हणणे ऐकून घेणे हा दुसरा. पहिल्यात आपण तरबेज आहोत आणि दुसऱ्याची आज आपल्याला निकडीची गरज आहे, असे आमचे मत आहे.

तरीही या पद्धतीचा डांगोरा पिटण्याआधी काही गोष्टी बजावून सांगायला हव्यात. आयएफएसमागचा संशोधनाचा आधार अजून तोकडा आहे. संधिवाताच्या 79 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेदना आणि नैराश्य कमी झाल्याचे दिसले, पण वर्तन व विचारांवर काम करणाऱ्या सीबीटीसारख्या पद्धतींवर जेवढे अभ्यास झाले आहेत त्यांच्या तुलनेत हे फार थोडे आहे. डोळे मिटून लहानपणात जाताना समुपदेशकाने नकळत सुचवलेले चित्रही आठवणीसारखे खरे वाटू शकते. त्यामुळे जो आधीच उत्तर ठरवून प्रश्न विचारतो त्याच्यापासून दूर राहावे. भास होत असतील, वास्तवाशी संबंध सुटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवे. ध्यानालाही हेच लागू आहे. ब्राऊन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांच्या 2017 च्या अभ्यासात अनेक साधकांनी भीती, जुन्या आघातांची उसळी, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे असे अनुभव सांगितले. विपश्यना केंद्रेही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिरात न येण्याचाच सल्ला देतात. हा सल्ला लपवाछपवी न करता पाळला जावा, कारण अर्ज भरताना औषधे दडवणारे कमी नाहीत.

घरी करता येण्याजोगे थोडे आहे आणि ते जरूर करावे. बैठकीत राग आला तर तो लगेच सोडून देण्याऐवजी दोन मिनिटे त्याला विचारावे, तू मला कशापासून वाचवतोयस? उत्तर आले नाही तरी चालेल. विचारण्याचा सूर मात्र खराखुरा असावा. मोठा आघात, छळ, लैंगिक अत्याचार यांच्या आठवणी उघडायच्या असतील तर ते एकट्याने करू नये.

पण सोबतीला माणूस कुठून आणायचा? 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांपैकी साधारण एकाला मानसिक विकार असल्याचे आणि बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे दिसले. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे मनोरुग्णालये आहेत, पण बँकेतल्या त्या बाईला मनोरुग्णालय नको आहे. तिला आठवड्यातून एक तास, परवडणाऱ्या पैशांत, मराठीत बोलणारे शिकलेले माणूस हवे आहे. ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक 2022 पासून मोफत उपलब्ध आहे, तो संकटात फार उपयोगी पडतो. मात्र फोनवर धीर देणे वेगळे आणि वर्षभर सोबत चालणे वेगळे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 पासून आयपीएच संस्था उभी करून मानसिक आरोग्य सामान्य माणसाच्या बोलण्यात आणले. परदेशातले शास्त्र मराठीत आणता येते, हे इथे सिद्ध झालेले आहे. मनांशी बोलण्याच्या या पद्धतीचेही तसे मराठीत शिक्षण सुरू व्हायला हवे, परदेशी प्रमाणपत्रांच्या महागड्या फीमध्ये ते अडकून पडू नये.

शासनाने ध्यानाला रजा दिली, शाळांत आनापान नेले, हे चांगले झाले. आता पुढचे काम हाती घ्यावे. डोळे मिटताच रडू फुटणारे एखादे मूल कोणत्याही वर्गात असू शकते. त्याला ‘शांत बस’ न म्हणता जवळ घेणारा आणि पुढे कुणाकडे न्यायचे हे ठाऊक असलेला एक तरी प्रशिक्षित शिक्षक प्रत्येक शाळेत असावा आणि केंद्रशाळेच्या पातळीवर आठवड्यातून ठरल्या दिवशी येणारा समुपदेशक नेमला जावा. त्यासाठी येत्या अर्थसंकल्पातच तरतूद व्हायला हवी.