पलटणीचे ठाणे कोणते?

हंगामाचा आढावा हा लेखनप्रकार मराठीत गुणतक्त्याच्या पुढे फारसा सरकलेला नाही, असे आम्हांला वाटते. प्रो कबड्डीच्या बाराव्या, म्हणजे २०२५च्या हंगामातील 'पुणेरी पलटण'चेच पाहा. १८ साखळी सामने, १३ विजय, २६ गुण, तक्त्यात पहिले स्थान. पुढे दिल्लीशी ३४-३४ अशी बरोबरी आणि टायब्रेकरमध्ये हार. तेलुगू टायटन्सवर ५०-४५ अशी मात. आणि ३१ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून २८-३१ असा पराभव. आढावा संपला.

या तक्त्यात एक गोष्ट कोठेच दिसत नाही. त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. पुण्याचे नाव लावणारा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, पण पुण्यात एकही सामना न खेळता. आणि अंतिम सामना मात्र प्रतिस्पर्ध्याच्या गावात, त्याच्या प्रेक्षकांसमोर. तीन गुणांच्या फरकाचे सारे श्रेय आम्ही प्रेक्षकांच्या आरोळ्यांना देणार नाही. तरीही ज्या आढाव्यात ही नोंद नाही, तो आम्हांला अपुरा वाटतो.

त्या सामन्याच्या शेवटच्या क्षणांत आदित्य शिंदेची चढाई फझल अत्राचलीने रोखली. हा इराणी बचावपटू २०२२च्या नवव्या हंगामात पुण्याचाच कर्णधार होता. येथे 'शोकांतिका' हा शब्द वापरण्याचा मोह मराठीच्या प्राध्यापकांना होणारच, तो आवरावा. यात कसलीही फितुरी नाही. लिलावाने खेळाडू येतात, लिलावाने जातात. त्याच दिल्लीकडून अजिंक्य पवार हा मराठी गडी पुण्याविरुद्ध गुण मिळवीत होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, वाटूही नये. पण खेळाडू गावाचे नसतील, तर संघाला 'पुणेरी' म्हणावे असे उरते काय? मैदान आणि त्याभोवतीची माणसे. तीच काढून घेतली की विशेषण नुसते गणवेशावर राहते. ('पलटण' हा इंग्रजीतून येऊन मराठीत रुळलेला शब्द मात्र चपखल ठरला. पलटणीला गाव नसतेच. तिचा तळ हलता असतो.)

पूर्वी इतके तुटलेले नव्हते. २०२३-२४चा दहावा हंगाम बारा शहरांत फिरला. बालेवाडीतही सामने झाले आणि त्याच हंगामात हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणीने पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात अंतिम सामना बालेवाडीत आला, तेव्हा पलटण बादफेरीतही नव्हती. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुणेकरांनी हरियाणा आणि पाटणा यांची झुंज पाहिली.

नंदुरबारच्या लोकांनी या गोष्टीचे दुःख का करावे, असे कोणी विचारील. आम्हांला सुरत जवळ, पुणे एस.टी.च्या रात्रभराच्या प्रवासाइतके लांब. भूगोलच पाहायचा तर आमच्या मुलांनी गुजरातच्या संघाची बाजू घ्यायला हवी. ती घेत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारी, आश्रमशाळेच्या मैदानावर कबड्डी खेळलेली आमची मुले 'आपला संघ' म्हणतात तो पुण्याचा, कारण अस्लम इनामदारसारख्या ग्रामीण भागातून वर आलेल्या कर्णधारात त्यांना आपल्यापैकी कोणी दिसतो. सामना विशाखापट्टणमला असो वा पुण्याला, त्यांच्यासाठी तो मोबाईलच्या पडद्यावरच असतो, हे खरे. पण बालेवाडीला निदान एखादा वर्गणी काढून जाऊ शकतो, परत येऊन चार मुलांना सांगू शकतो. तिकिटाच्या, प्रवासाच्या, रात्री कोठे झोपलो याच्या त्या हकिकतीत चढाई-पकडीइतकाच हंगाम असतो. विशाखापट्टणमची हकिकत आमच्या वर्गात कोण आणणार?

आयोजकांना मोजकी शहरे परवडतात, हे समजण्यासारखे आहे. आमची अपेक्षा त्यांच्याकडून कमी आणि आढावा लिहिणाऱ्यांकडून अधिक आहे. विजय, पराभव, गुण या रकान्यांशेजारी त्यांनी आणखी एक रकाना आखावा: स्वगृही सामने. २०२५साठी पुण्यापुढे तेथे शून्य लिहावे लागेल.