मालक कोण?

सिंगापुरात गाडीखाली एखादं जनावर आलं, तर चालकाने थांबायचं की नाही? तिथला रस्ता वाहतूक कायदा म्हणतो, थांबायचं. पण दोनच प्रसंगी. एक, त्या जनावराला मालक असावा असं वाटण्याजोगं कारण असेल तर. दोन, ते रस्त्यातच पडून राहिल्याने इतर वाहनांना धोका होणार असेल तर. म्हणजे मागचे पाय मोडलेलं खवल्या मांजर स्वतःला फरफटत कडेच्या गटारात जाऊन पडलं, तर चालकाची सोयच झाली म्हणायची. मालक नाही, रहदारीला अडथळा नाही. गाडी पुढे न्यायला हरकत नाही.

२०१७ पर्यंत तर याहून गंमत होती. कायद्याच्या लेखी जनावर म्हणजे घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, शेळी आणि कुत्रा. ही यादी ब्रिटिश वळणाची. उंच इमारतींच्या या शहरात चार पायांचं गाढव बघायला शोधत फिरावं लागेल, पण कायद्याला काळजी त्याची. गल्लोगल्ली दिसणारं मांजर यादीत नव्हतं. २०१७ च्या दुरुस्तीने यादी गेली, सगळे प्राणी आत आले. मालकाची अट मात्र आहेच.

आता हे सरकार निष्ठुर आहे म्हणावं, तर तसंही नाही. १९८६ मध्ये सुरू झालेल्या बुकित तिमाह द्रुतगती मार्गाने तिथल्या जंगलाचे सरळ दोन तुकडे केले. ते सांधायला २०१३ मध्ये त्याच रस्त्यावरून ६२ मीटर लांबीचा, झाडांनी भरलेला पूल बांधला; माणसांना बंदी, जनावरांना मुभा. खर्च सुमारे १ कोटी ६० लाख सिंगापूर डॉलर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डुगवे गावाने २०२० मध्ये ज्याचा ‘खवलोत्सव’ केला, त्या खवल्या मांजराचा तिथला भाऊबंद हा पूल वापरतो, हे कॅमेऱ्यांत दिसलं आहे. पुलावर एवढे डॉलर ओतणाऱ्या सरकारला चालकाकडे दोन मिनिटं मागणं मात्र जड गेलं!

द्रुतगती मार्गावर कुणीही कुठेही उतरावं, असं आम्ही म्हणत नाही. त्याने दोन जनावरांच्या जागी चार माणसं जायची. पुढे सुरक्षित जागी थांबून एक फोन केला तरी पुरे. आणि उतरलेल्यांनीही हात जरा आवरावेत. आपल्याकडे जखमी प्राणी दिसला, की पहिल्यांदा व्हिडिओ निघतो, मग बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं जातं. अर्धवट शुद्धीतल्या जिवाच्या श्वासनलिकेत ते गेलं, तर जे गाडीने राहिलं ते मदतीने पुरं होतं. खवल्या मांजर घाबरलं की अंगाचा गोळा करतं. तो गोळा उलगडून बघण्याचा उत्साह टाळावा. काचेवर आपटून पडलेल्या पक्ष्यावर अलगद रुमाल टाकायचा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं, झाकण लावायचं आणि गप्प बसायचं. दाणे नाहीत, पाणी नाही, सेल्फी तर नाहीच. अंधार आणि शांतता एवढंच त्याला हवं असतं, आणि नेमकं तेच देणं आपल्याला अवघड जातं.

सिंगापूरला हसताना आपलं घरही बघावं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम अपघातानंतर चालकाने काय करायचं ते सांगतं. त्यात जखमी माणूस आहे, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान आहे, वन्यप्राण्याचं नाव नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३९ वं कलम मात्र सांगतं, की मृतावस्थेत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता. म्हणजे महामार्गाच्या कडेला बिबट्या तडफडत असतो तोवर थांबण्याइतकं त्याचं कुणी नाही. प्राण गेला, की त्याला लगेच मालक मिळतो, तोही साक्षात सरकार! मग पंचनामा होतो.

सिंगापूरने त्या दोन अटी काढून टाकाव्यात आणि आपण १३४ व्या कलमात एक ओळ वाढवावी. तोवर वाचकांनी फोनमध्ये दोन क्रमांक साठवून ठेवावेत. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६. सिंगापुरातल्या मराठी मंडळींसाठी नॅशनल पार्क्स बोर्डाचं प्राणी मदत केंद्र, १८००-४७६-१६००. ते रात्रीही फोन उचलतात, आणि मालक कोण म्हणून विचारत नाहीत.