संगणक-कक्षाची किल्ली

तालुक्याच्या गावातील शाळेत संगणक-कक्षाचे उद्घाटन हा मंगल प्रसंग असतो. दारावर झेंडूचे तोरण, आत ओळीने मांडलेले नवे संगणक, भिंतीवर संगमरवरी पाटी आणि पाटीवर मातापित्यांच्या पुण्यस्मरणार्थ दान देणाऱ्या कुटुंबाचे नाव. फीत कापली जाते, विश्वस्तांची भाषणे होतात, मुलांना पेढे वाटले जातात. दीड-दोन वर्षांनी त्याच कक्षासमोरून जाताना मात्र अनेक ठिकाणी वेगळे चित्र दिसते. दाराला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. चौकशी केली की कारणे ऐकू येतात. बिल थकले म्हणून इंटरनेटची जोडणी बंद झाली. इन्व्हर्टरची बॅटरी बसली. संगणक शिकवणाऱ्या सरांची बदली झाली. कुणा विद्यार्थ्याने नको ते पाहिले, पालक तक्रार घेऊन आले आणि ‘भानगडच नको’ म्हणून कक्ष बंद ठेवण्यात आला.

यांतील एकही कारण खोटे नसते. दात्याचा हेतू शुद्ध असतो आणि मुख्याध्यापकांची भीतीही अनाठायी नसते. तरीही दान पडून राहते. व्यापारी कुटुंबांना याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानाचा मुहूर्त एका दिवसाचा असतो. दुकान चालते ते रोज सकाळी शटर उघडणाऱ्या माणसामुळे, वेळेवर भरलेल्या भाड्यामुळे आणि रात्री मेळ घातलेल्या रोजकीर्दीमुळे. शाळेतील इंटरनेटचा हिशेबही असाच रोजचा आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२४-२५ या वर्षात देशातील ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. आदल्या वर्षी हे प्रमाण ५३.९ टक्के होते. वाढ समाधानकारक आहे. परंतु शाळेपर्यंत तार पोहोचली एवढेच हा आकडा सांगतो. त्या तारेचा उपयोग आठवड्यातून किती तास, कोणत्या वर्गाला आणि कशासाठी झाला, हे त्यातून कळत नाही. ते पाहण्याचे काम शाळेचे, विश्वस्तांचे आणि पालकांचे आहे.

हे काम टाळले तर नुकसान कोणाचे होते, याचा विचार प्रथम केला पाहिजे. बाजारपेठेच्या गावात अडत्याचा मुलगा आणि त्याच अडतीवर पोती उचलणाऱ्या हमालाची मुलगी पुष्कळदा एकाच शाळेत, एकाच बाकावर शिकतात. अडत्याच्या घरी वायफाय असते, आईवडिलांचे दोन फोन असतात, मोठ्या भावाचा लॅपटॉप असतो. हमालाच्या घरी एकच फोन असतो आणि तो दिवसभर बापाच्या खिशात यार्डात असतो. शाळेचा कक्ष बंद झाल्याने अडत्याच्या मुलाचे फारसे काही बिघडत नाही. त्या मुलीसाठी मात्र जगाकडे उघडणारी एकुलती एक खिडकी मिटते. कुलूप एकच असले तरी ते सर्वांना सारखे लागत नाही.

कुलूप लागू नये यासाठी काय करावे लागते, याचे ठळक उदाहरण केरळमध्ये आहे. तेथे शासनाने २००१ च्या सुमारास ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प हाती घेतला. २०१७ मध्ये त्याचेच रूपांतर ‘काइट’ या सरकारी कंपनीत झाले. त्यानंतर ४,७५२ शासकीय व अनुदानित शाळांतील ४५,००० वर्गखोल्यांत लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि इंटरनेट पोहोचवण्यात आले. ही संख्या मोठी आहेच, पण त्यामागची व्यवस्था अधिक शिकण्याजोगी आहे. तेथे शाळेतीलच एका शिक्षकाकडे माहिती-तंत्रज्ञान समन्वयकाची जबाबदारी दिली जाते. मुक्त संगणक-प्रणाली वापरल्यामुळे परवान्याचा खर्च वाचतो. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थी-मंडळे सुरू झाली. त्यांतील प्रशिक्षित मुले शाळेतील उपकरणांची देखभाल करण्यास हातभार लावतात. यंत्राबरोबर माणूस नेमला आणि मुलांनाही विश्वासाने जबाबदारी दिली, हा या योजनेचा गाभा होय.

माणूस नेमल्यानंतर प्रश्न येतो शिस्तीचा. शाळेतील इंटरनेट मोकाट सोडता येत नाही आणि भीतीपोटी बंदही ठेवता येत नाही. मधला मार्ग आखावा लागतो आणि तो फार खर्चिक नाही. कार्यालयाची जोडणी आणि विद्यार्थ्यांची जोडणी वेगळी ठेवावी, म्हणजे हजेरीपट, गुणपत्रके आणि शुल्काचे हिशेब मुलांच्या हाती लागत नाहीत. वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहू नये आणि ठरावीक काळाने तो बदलावा. अन्यथा आठवडाभरात तो शाळेबाहेरच्या टपरीवरही पोहोचतो आणि वर्गात पान उघडेनासे होते. अनुचित संकेतस्थळे अडवणारी चाळणी राउटरवरच बसवता येते. अशा सेवांपैकी काही विनामूल्य मिळतात. शोधयंत्रातील सुरक्षित शोधाची सोय कायम चालू ठेवता येते.

काही उपाय तर निव्वळ मांडणीचे आहेत. संगणक भिंतीलगत, पडदे खोलीच्या मध्याकडे येतील असे ठेवले तर मध्यभागी उभ्या असलेल्या शिक्षकाला सर्व पडदे एका नजरेत दिसतात. कोणता विद्यार्थी कोणत्या यंत्रावर केव्हा बसला, याची साधी नोंदवही ठेवली तर तक्रार आल्यावर सरसकट सगळ्यांना शिक्षा करावी लागत नाही. चाळीस मुलांनी एकच चित्रफीत एकाच वेळी उघडली तर शाळेची जोडणी कोलमडते. म्हणून पाठाची सामग्री आदल्या दिवशीच उतरवून घ्यावी. शासनाच्या ‘दीक्षा’ ॲपवरील पाठ्यसामग्री अशी उतरवून ठेवता येते. कोलोरॅडो विद्यापीठाने तयार केलेली ‘फेट’ ही विज्ञान-गणिताची प्रात्यक्षिके मराठीतही आहेत आणि ती इंटरनेटविना चालतात. ‘किविक्स’ या विनामूल्य साधनाने विकिपीडिया संगणकावर साठवून ठेवता येतो. दुकानदार सणापूर्वी माल भरून ठेवतो, तसेच हे आहे.

चाळणी बसवली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर शाळांना आणि ग्रंथालयांना जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत मिळू लागली. २००० मध्ये झालेल्या बालसंरक्षणाच्या कायद्याने या सवलतीला अटी जोडल्या. शाळेने अनुचित दृश्ये अडवणारी चाळणी बसवावी, इंटरनेटच्या सुरक्षित वापराचे लेखी धोरण करावे आणि ते स्वीकारण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन किमान एक खुली सभा घ्यावी. आठ वर्षांनी, २००८ मध्ये, आणखी एका कायद्याने त्यात भर घातली. इंटरनेटवर योग्य वर्तन कसे करावे, इतरांशी कसे बोलावे आणि ऑनलाइन छळाला कसे तोंड द्यावे, हेही शाळांनी मुलांना शिकवले पाहिजे, असे त्यात सांगितले गेले. कुंपण घातल्यानंतरही शिकवण आवश्यक असते, हे त्या देशाच्या कायद्याने अशा रीतीने मान्य केले.

यांतील खुल्या सभेची कल्पना येथील शाळांनी उचलण्याजोगी आहे. वर्षारंभीच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी नियम वाचून दाखवावेत. कोणत्या तासाला इंटरनेट चालू राहील, मुलांची छायाचित्रे कोठे टाकली जातील, नको ते समोर आल्यास मुलाने कोणाला सांगावे, हे सर्वांसमोर ठरावे. असे झाले की एखादी तक्रार आल्यावर मुख्याध्यापक एकटे पडत नाहीत आणि कुलूप लावण्याची वेळही सहसा येत नाही. चूक सांगणाऱ्या मुलाला शिक्षा होणार नाही, हा नियम त्यांत अवश्य असावा. शिक्षेच्या भीतीने गप्प बसलेले मूलच फसवणाऱ्यांच्या हाती सहज सापडते.

शिस्तीपेक्षाही अवघड भाग आहे तो वर्गातील वापराचा. पडद्यावर चित्रफीत लावून शिक्षक कोपऱ्यात वही तपासत बसले, तर इंटरनेट असून नसल्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. कोड फोनने टिपला की कवितेचे वाचन ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे किंवा स्वाध्याय उघडे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या कामाचे मोल महागड्या यंत्रात नव्हते. हातात असलेले पुस्तक आणि घरातला एखादा फोन यांची सांगड शिक्षकाने घालून दिली, यात ते होते.

अशी सांगड बाजारपेठेच्या गावात सहज घालता येईल. केंद्र शासनाच्या ‘ॲगमार्कनेट’ या संकेतस्थळावर देशभरातील बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर रोज मिळतात. आठवीच्या वर्गाने आठवडाभर आपल्या बाजार समितीतील आणि आणखी दोन ठिकाणचे तुरीचे दर नोंदवावेत, सरासरी काढावी, आलेख काढावा. दूरच्या बाजारात दर चढा दिसला तर वाहतूक, हमाली, तोलाई आणि अडत वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरेल, हे मांडावे. या तासाला अडत्याचा मुलगा पट्टी कशी करतात ते सांगेल, हमालाची मुलगी एका दिवसात किती पोती उतरतात ते सांगेल आणि शेतकऱ्याचा मुलगा मळणीपासून यार्डापर्यंतचा खर्च सांगेल. तिघांचेही ज्ञान वर्गाच्या उपयोगी पडेल. संकेतस्थळावरील दर आणि गावातील प्रत्यक्ष दर जुळले नाहीत तर ते का जुळले नाहीत, हे शोधणे हा दुसऱ्या दिवसाचा पाठ होईल. पडद्यावर दिसते ते सर्व खरे नसते, हे अशाच तासातून मुलांच्या मनावर ठसते.

शाळेत घातलेली शिस्त घरी मोडता कामा नये. जेवताना वडिलांचा फोन ताटाशेजारी असेल आणि रात्री आजोबा कुणाचाही संदेश न वाचता पुढे पाठवत असतील, तर मुलाला दिलेला उपदेश वाऱ्यावर जातो. व्यापाराचे बहुतेक व्यवहार आता फोनवरच होतात. त्यामुळे ओटीपी कुणालाही न सांगणे आणि अनोळखी दुव्याला हात न लावणे या सवयी घरातील लहानथोर सर्वांनीच अंगी बाणवाव्यात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, हे घरातील मुलालाही पाठ असावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. एखादे शैक्षणिक ॲप मुलाचे नाव, छायाचित्र आणि फोन क्रमांक मागते तेव्हा ते कशासाठी मागते, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. सौदा वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या घराने येथेही तीच सावधगिरी पाळावी.

आता प्रश्न उरतो दानाचा. कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. त्या सोन्यातून कोणतीही इमारत उभी राहिली नाही की कोठे पाटी लागली नाही. ते मुलांच्या रोजच्या भाकरीत खर्च झाले. महाराष्ट्रातील शिक्षण-दानाच्या परंपरेत या दानाइतके थोर दान क्वचितच सापडेल.

संगणक-कक्षासाठी दान देणाऱ्या कुटुंबांनी हा आदर्श समोर ठेवावा. वीस संगणकांऐवजी बारा द्यावेत आणि उरलेल्या रकमेतून पाच वर्षांचे इंटरनेटचे बिल, बॅटरी, दुरुस्ती आणि एका शिक्षकाच्या प्रशिक्षणाची तरतूद करावी. पाटी अवश्य लावावी, पण वर्षातून एकदा विश्वस्तांच्या बैठकीत चार प्रश्नही विचारावेत. कक्ष आठवड्यातून किती तास उघडा होता? कोणकोणत्या विषयांच्या शिक्षकांनी तो वापरला? बिघडलेले यंत्र किती दिवसांत दुरुस्त झाले? ज्या मुलांच्या घरी इंटरनेट नाही, त्यांना शाळा सुटल्यावर बसता येते काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत कक्ष उघडा ठेवण्यासाठी एका माणसाचे अल्पसे मानधन लागते आणि ते एखाद्या दुकानाच्या दिवाबत्तीच्या खर्चाहून अधिक नसते. तेवढी व्यवस्था झाली तर किल्ली कपाटात पडून राहणार नाही. पाच वाजता कुणीतरी ती फिरवील आणि हमालाची मुलगी दप्तर ठेवून आपल्या यंत्रासमोर बसेल. पाटीवरील नावांचे पुण्यस्मरण त्या वेळी खऱ्या अर्थाने होईल.