ध्वजस्तंभ आणि ग्रामसभा

कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर वसलेल्या, पुणे-बंगळूर महामार्गाने मधोमध छेदलेल्या आणि मसूर, चाफळ, मल्हारपेठ या तिन्ही अंगांच्या खेड्यांना बाजारहाटासाठी सोयीच्या असलेल्या उंब्रज गावात ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हातगाड्यांवर तिरंगी झेंडे दिसू लागले, की हेच झेंडे सोळा तारखेला गटारीत पडलेले आढळतील, असा उसासा टाकण्याची आम्हा वर्तमानपत्री लेखकांत एक रूढीच पडून गेली आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली, तेव्हापासून हा उसासा अधिकच दीर्घ झाला आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु कापडाच्या अवमानाने इतके व्यथित होणारे आपण, ते कापड ज्या वस्तूचे चिन्ह आहे तिची गावोगाव काय अवस्था आहे याची चौकशी क्वचितच करतो.

ती वस्तू कोणती, हे या खोऱ्यातील रयतेला १९४२ साली कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण ध्वज कोठे लावायचा हे त्या वेळी ठरलेलेच होते. शेतसाऱ्याचा वसूल, खजिना, दफ्तर, कैदखाना आणि हुकुमाची मोहोर ही सर्व जेथे एका छपराखाली नांदत, त्या मामलेदार कचेरीवर तो लावायचा होता. २४ ऑगस्टला कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला. ३ सप्टेंबरला तासगावी लोकांनी प्रत्यक्ष मामलेदाराच्या मस्तकी गांधी टोपी चढवून त्याच्याकडून तिरंग्याला वंदन करविले. आणि ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीपुढे परशुराम घार्गे हाती ध्वज असताना गोळी लागून पडले, त्यांच्यासह नऊजण हुतात्मा झाले. हातातली काठी आणि तिच्यावरचे कापड यांसाठी एवढी किंमत मोजणारी ही माणसे भाबडी नव्हती. कचेरी कोणाची, असा सरळ सवाल त्यांनी टाकला होता, आणि सरकारने तो अचूक ओळखला म्हणूनच बंदुका चालल्या.

वडूजच्या आणि तशाच इस्लामपूरच्या गोळीबारानंतर जे घडले, ते मला त्या मोर्चांहूनही अधिक विचारार्ह वाटते. कचेरीवर ध्वज चढविणे अशक्य झाले, तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे सहकारी यांनी कचेरीचे कामच आपल्या हाती घेतले. १९४३ पासून १९४६ पर्यंत चाललेल्या त्यांच्या या प्रतिसरकारच्या अमलात गावोगाव न्यायदान मंडळे बसली, सावकारांच्या जुलमाला आळा बसला, दारूची दुकाने बंद पडली आणि कर्जबाजारी करणाऱ्या लग्नांऐवजी अल्प खर्चाचे ‘गांधी विवाह’ लागले. या न्यायात कठोरपणा होता, क्वचित अतिरेकही असेल, आणि त्याचे समर्थन करण्याची मला आवश्यकता वाटत नाही. तथापि बांधाचा तंटा गावच्या चावडीत गावकऱ्यांनीच मिटविणे, हे स्वराज्य या शब्दाचे सर्वांत जवळून दिसलेले रूप होते.

याच खोऱ्यातील यशवंतराव चव्हाणांना, शाळकरी वयात तिरंगा फडकविल्याबद्दल, १९३२ साली अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. पुढे ते मुख्यमंत्री असताना १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला आणि १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. ज्याने ध्वजासाठी तुरुंग पाहिला, त्याच्याच कारकिर्दीत गावाला आपला कारभार पाहण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला, ही संगती मला यशवंतरावांच्या कोणत्याही पुतळ्याहून बोलकी वाटते.

चिन्हे निरर्थक आहेत असे म्हणण्याचे धाडस सातारा जिल्ह्यात कोणी करू नये. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावाचे सेहेचाळीस जवान कामी आले, ते अपशिंगे उंब्रजहून फार दूर नाही. आणि तिरंग्यात लपेटून दाराशी आलेले पार्थिव पाहिलेल्या घराला कापडाचे मोल बाहेरच्याने शिकवू नये. ते घर आपल्या वाट्याचे देणे देऊन चुकले आहे. प्रश्न उरतो तो आपल्यासारख्या, सुखरूप घरी बसलेल्या नागरिकांचा.

ध्वजवंदनाच्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे ग्रामसभा भरविण्याची आपल्याकडे रीत आहे. सकाळी शाळेची मुले रांगेत उभी राहतात, राष्ट्रगीत होते, घोषणा होतात, जिलेबी वाटली जाते, आणि पुडा हातात पडताच पटांगण पाहता पाहता मोकळे होते. मग ग्रामसभेसाठी ग्रामसेवक, सरपंच, दोन्ही गटांचे ठरलेले बोलके प्रतिनिधी आणि कोठेही जाण्याची घाई नसलेली वडीलधारी मंडळी तेवढी उरतात. गणपूर्तीसाठी कायदा मागतो किती? एकूण मतदारांच्या शेकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे. हजारोंच्या वस्तीच्या गावाला शंभर माणसे जड जावीत, हे लज्जास्पद आहे. ती न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्यामुळे, पुढच्या बैठकीत मूठभरांनी केलेले ठराव सबंध गावाचे ठराव ठरतात. कित्येक ठिकाणी तर हजेरीची वही घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या जातात, ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला नवी नाही. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, विकास आराखडा, झालेल्या खर्चाचा हिशेब, ही सारी प्रकरणे ज्या सभेपुढे यावयाची, तिच्याकडे पाठ फिरवून आपण मोटारसायकलीला झेंडा बांधतो आणि महामार्गावर फेरी काढतो.

या अनास्थेचा दोष केवळ सत्ताधाऱ्यांच्या पदरी घालणे सोयीचे असले, तरी न्यायाचे होणार नाही. रिकामी सभा त्यांच्या पथ्यावर पडते हे खरे. पण ती रिकामी करून आपण देतो. वडूजला कचेरीचे दार बंदुकीने अडविले होते; आज ग्रामपंचायतीचे दार उघडे असते, सभेची नोटीस फलकावर लागते आणि हिशेबाची प्रत मागण्याचा हक्क माहितीच्या अधिकाराने २००५ पासून प्रत्येकास दिला आहे.

म्हणून उंब्रजच्या आणि पंचक्रोशीच्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: सभेची तारीख फलकावर पाहून ठेवा, त्या दिवशी घरटी एक तरी माणूस, आणि शक्यतो घरातली बाई, तेथे पाठवा, आणि मागील वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज कोणत्याही ठरावावर हात वर करू नका.