लाकडी फरशी आणि पाण्याची बादली



"लाकडी फरशी" हा शब्दच मला अजून नीट पचलेला नाही. फरशी म्हटलं की दगड. आमच्या आष्टीकडे लाकूड असायचं ते डोक्यावर. माळवदाच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढरी माती. पायाखाली पण मातीच, सारवलेली. पुढे ज्याची जशी ऐपत झाली तशी शहाबादी आली, मग मोझॅक, मग तोंड दिसेल अशा चकचकीत टाइल्स. आणि आता धाकट्या भावाच्या मुलानं घर बांधायला काढलंय, त्याला बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग हवंय. नगरला दुकानात नमुना पाहून आला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल). मी भाचीकडे न्यू जर्सीत तीन महिने राहून आलेली, म्हणून मला विचारणं झालं. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. घरातल्या बाकीच्यांनीही वाचावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या घरात फरशीवर बादली ओतली जाते त्या घरात लाकूड घालू नये. आणि खरं तर आपल्या भागात कुठल्याच फरशीवर बादली ओतू नये.

भाचीचं घर जुनं, ओक लाकडाच्या अरुंद पट्ट्यांची जमीन घराइतकीच जुनी. पहिल्या दिवशीच तिनं सांगितलं, "मावशी, इथे पाणी टाकायचं नाही हं." मला नवल वाटलं. मग ती साफ कसं करते ते रोज पाहत बसले. (तिकडे दुपारी दुसरं काम काय!) लाकडाचा पहिला शत्रू पाणी नाही, कचकच आहे. पायाबरोबर आलेली वाळू, बारीक खडे. लाकडावर पारदर्शक लेप असतो, पॉलियुरेथेनचा. वाळूनं तो काचपेपर फिरवल्यासारखा घासला जातो. म्हणून रोज मऊ झाडू, दाराशी जाड पायपुसणं, खुर्च्यांच्या पायांना खाली नमद्याचे तुकडे. आपल्याकडची चपला बाहेर काढायची रीत इथे फार उपयोगाची. तिकडची मंडळी ती आता मुद्दाम शिकतात.

पुसायचं आठवड्यातून एकदा. फडकं इतकं पिळायचं की थेंब गळता कामा नये, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं फिरवायचं आणि ओल राहिली तर लगेच कोरड्या फडक्यानं टिपायची. फिनाईल नाही, त्याचा धुरकट थर बसतो. लिंबू-व्हिनेगरचं पाणीही नाही, त्यानं लेपाची चमक जाते. वाफेचा मॉप तर मुळीच नाही, वाफ फटीत शिरते. तेल चोळून चमकवायचं नाही. पाय घसरतो आणि पुढे नवा लेप द्यायचा झाला तर तो धरत नाही. लेप शाबूत आहे की नाही हे बघायची एक सोपी युक्ती तिनं दाखवली. कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. थेंब तसेच उभे राहिले तर ठीक, लाकूड काळपट पडलं तर पाणी आत जाऊ लागलं.

लाकूड मेल्यावरही हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. हिवाळ्यात घर तापवल्यावर भाचीकडे पट्ट्यांमध्ये बारीक फटी पडतात, जुलैत मिटतात. ते लोक हिवाळ्यात घरात दमटपणा देणारं यंत्र लावतात. आता आपल्याकडचा वैशाख आठवा, ओठ फुटतात. आणि पुढे भाद्रपदात दारं चौकटीला अडकून बसतात. दारच एवढं फुगतं, तर सबंध खोलीभरच्या लाकडाचं काय होईल? शिवाय वाळवी आहेच. सागवानाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही, पण सगळी खोली सागवानाची करायला किती पैसे लागतील ते सुताराला विचारा.

आणि दुकानात पाहिलेला तो नमुना बहुतेक लाकूड नव्हेच. लॅमिनेट म्हणतात ते. लाकडाचा भुसा नि गोंद दाबून केलेला पाट, वर लाकडाचा छापील कागद आणि त्यावर कडक थर. म्हणजे लाकडाचा फोटोच! अस्सल पाऊण इंची लाकूड झिजलं तर घासून परत लेप देता येतो, एकदा नाही, अनेकदा. फोटो घासता येत नाही. सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात, त्या पुन्हा बसत नाहीत. त्यात आपल्याकडे हळदीकुंकू, समईचं तेल, रांगोळी. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, पायाखाली आली की झालं.

हे सगळं दुकानदार सांगत नाही असं नाही. बरोबर एक इंग्रजी पुस्तिका देतात. पण फरशी पुसणार कोण? ती पुस्तिका कपाटात जाते आणि कामाला येणारी बाई नेहमीसारखी बादली घेऊन येते. सहा महिन्यांनी पट्ट्या फुगल्या की बोलणी तिला. ओळखीच्या एका घरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तिचे पगारातून पैसेही कापले. तिला कुणी एकदा तरी करून दाखवलं होतं का? मला हे फार लागलं. वर्गात न शिकवलेल्या धड्यावर आम्ही कधी मार्क कापले नाहीत.

म्हणून माझा सल्ला, साधी टाइलच घ्या. लाकडी नक्षीच हवी असेल तर तशी टाइलही मिळते.

पण भाचीकडचं ते घट्ट पिळलेलं फडकं मात्र इथे आणावं असं वाटतं. पाणी ओतून जमीन धुणं ही आपली फार जुनी चाल नाही, ती दगडी फरशीबरोबर आली. सारवलेली जमीन कोण धुणार? आई केर काढायची आणि आठ दिवसांनी शेणमातीच्या पाण्यात पोतेरं बुडवून हात फिरवायची, बस्स. १९७२ चा दुष्काळ आम्ही पाहिला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते तर सगळ्यांना आठवत असेल. आणि आपण बोअरचं पाणी फरशीवर ओतून मोरीत सोडतो. ते पाणी जड, वाळलं की पांढरे डाग उरतात. मग डाग काढायला ॲसिड. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं, सिमेंटचे सांधेही खातं. म्हणजे पाणी गेलं ते गेलं, फरशीही गेली.

मी घरी मोजून पाहिलं. चार खोल्यांना दोन बादल्या, साधारण तीस लिटर लागायचं. आता पाच लिटरमध्ये होतं. आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींना (सबंध गल्ली त्यांना मावशीच म्हणते) गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून लांब दांड्याचा मॉप आणला. चार दिवस त्यांनी तो दाराआड उभाच ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, ह्यानं कोपरे निघत नाहीत." खरं आहे ते. कोपरे त्या अजून फडक्यानंच काढतात, पण रोज नाही, शनिवारी.